रोशाचं तेल, काकूंचे गुडघे आणि एक निर्दोष बाटली

रुग्ण म्हणजे काकू, ६७ वर्षांच्या गृहिणी. राहायला नागपूरच्या महाल भागात, माहेर परतवाड्याचं. दोन्ही गुडघ्यांची झीज, मधुमेह जुना पण गोळ्यांवर आटोक्यात, त्वचेचा आजार आधी कधी नाही. श्रावणात दोन्ही गुडघ्यांवर लाल, पाणी सुटणारं, रात्रभर झोपू न देणारं पुरळ उठलं. घरच्यांच्या मते कारण उघड होतं: इतवारीच्या बाजारातून आणलेलं रोशा गवताचं तेल नकली निघालं. त्यांची सून माझी जुनी विद्यार्थिनी. ती बाटली घेऊन आली ती औषध विचारायला नव्हे. तिच्या नवऱ्याला दुकानदाराशी भांडायला जायचं होतं आणि त्यासाठी त्याला कागद हवा होता, 'भेसळ आहे' असं लिहिलेला.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनौषधी शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे या प्रकरणातला बाटलीचा भाग माझा आणि त्वचेचा भाग त्यांना तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचा. दोन्ही इथे एकत्र मांडते आहे, काकूंना विचारून.

गवत आणि त्याचं तेल

रोशा, कुठे रोहिस, कुठे तिखाडी. सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्यात पुरुषभर वाढणारं गवत. पान चुरगळलं की गुलाब आणि लिंबू यांच्या मधला वास येतो. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. म्हणजे आपल्या अंगणातल्या गवती चहाचं जवळचं भावंड. नावातले मार्टिन म्हणजे लखनौचे जनरल क्लोद मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईच्या काळात त्यांनी बालाघाटच्या पठारावर हे गवत पाहिलं, बी गोळा केलं आणि लखनौला लावलं. (हा बालाघाट दख्खनचा, आपल्या शेजारचा जिल्हा नव्हे. नागपूरकर इथे हमखास फसतो.) मार्टिननी नोंदवलेली एक गोष्ट मला फार आवडते: जनावरं हे गवत आवडीनं खातात आणि मग त्यांच्या दुधालोण्याला त्याचा वास येतो. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग? चिखलदऱ्याहून दूध यायचं आमच्याकडे, अश्विनात चहालेसुद्धा वास मारे."

या एकाच गवताचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की तेल काढल्याशिवाय खात्री देता येत नाही. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर वाढतो आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑल नावाचा गुलाबगंधी घटक पाऊण हिश्शाहून अधिक असतो. जगाच्या बाजारात 'पामारोझा' म्हणतात ते हेच. सोफिया ओलसर, सावलीच्या जागी येतो, त्यात जिरॅनिऑल पुष्कळ कमी, वास उग्र आणि मातकट. पूर्वीपासून अत्तराला मोतिया, चोळायला सोफिया अशी ढोबळ वाटणी असे, कारण सोफिया स्वस्त.

तेल काढायची जुनी रीत निमाड, बैतूल, एलिचपूर, खानदेश अशी सगळीकडे जवळजवळ सारखीच होती. नाल्याकाठी दगडमातीची भट्टी, तिच्यावर लोखंडी किंवा तांब्याची मोठी डेग, तिच्यात पाणी आणि फुलोऱ्यावर आलेलं गवत. झाकण उडदाच्या कणकेनं लिंपायचं. झाकणातून सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी निघे आणि नाल्याच्या वाहत्या पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरे. वाफ थंड होऊन तेल पाण्यावर तरंगे, ते वरचेवर निथळून घ्यायचं. भट्ट्या नाल्याला पाणी असेपर्यंतच चालत. पावसाळा सरता सरता सुरू होत आणि थंडीत बंद पडत. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानात असतं, दांड्यात जवळजवळ नसतंच. म्हणून गवत केव्हा कापलं यावर सगळं अवलंबून.

एक आकडा पुढे कामाला येणार आहे, तो इथेच सांगते. ताज्या गवतातून वजनाच्या साधारण ०.३ ते ०.५ टक्के तेल निघतं. म्हणजे १०० मिलीची एक बाटली भरायला वीसएक किलो गवत लागतं.

माहेरची पद्धत

काकूंचे वडील जंगलखात्यात होते. मेळघाटातून येणारी कोरकू माणसं दिवाळीच्या आसपास शिश्यांतून तेल आणत, ते घरात वर्षभर पुरे. लग्नानंतर काकूंचा भाऊ दरवर्षी एक छोटी शिशी नागपूरला पोचवायचा. तो गेला आणि शिशी थांबली. मग मुलानं आईसाठी इतवारीतून १०० मिलीची बाटली आणली. ही मार्चमधली गोष्ट.

माहेरी या तेलाचे उपयोग कोणते, असं विचारल्यावर काकूंनी जी यादी सांगितली ती जुन्या नोंदींशी तंतोतंत जुळते. कंबर आणि गुडघे धरले तर चोळायला, डास फार झाले तर हातापायांना, केस गळायला लागले तर डोक्याला. यातल्या डासांच्या उपयोगाला आधार चांगला आहे. जिरॅनिऑल डासांना दूर ठेवतं, फक्त लवकर उडून जातं. सांधेदुखीत ऊब वाटते ती कातडीला होणाऱ्या हलक्या चुरचुरीमुळे, आणि माझ्या मते आराम पडतो त्यात तेलापेक्षा चोळण्याचा वाटा मोठा. केसांबद्दल मी गप्प बसते.

खरा प्रश्न 'कशासाठी' हा नव्हता, 'कसं' हा होता. आणि तो विचारायला फार कोणी जात नाही. पारंपरिक उपयोगांवर लिहिलेल्या मजकुरात वनस्पतीचं नाव आणि रोगाचं नाव शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, मधली कृती गाळलेली. मीही काकूंना विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "कसं म्हणजे? लावाचं."

"तुमच्या आई कशा लावायच्या, ते हातानं करून दाखवा ना."

मग त्यांनी स्वयंपाकघरातून वाटी मागवली. आई वाटीभर तिळाचं तेल कोमट करायची. तिळाचं नसलं तर जवसाचं. तुराटीची बारीक काडी रोशाच्या शिशीत बुडवायची, वाटीवर धरायची आणि काडीवरून चार-पाच ठिपके पडू द्यायचे. "शिशी कोणाच्या हाती नाई देत होती माय. वरच्या फळीवर राहे." त्या वाटीतलं तेल दोन-तीन दिवस पुरायचं.

वाटी साधारण ३० मिलीची. पाच ठिपके म्हणजे फार तर पाव मिली. म्हणजे माहेरी गुडघ्याला लागत होतं ते रोशाचं तेल शंभरात एक भागसुद्धा नव्हतं.

आणि आता? आता काकू इतवारीच्या बाटलीतून तळहातावर तेल ओतून घेत होत्या, सकाळ-संध्याकाळ. तिळाचं तेल नाही. मुलानं सांगितलं होतं, "आई, हे शंभर टक्के प्युअर आहे, मिसळायची गरज नाही." बाटलीवरही तेच छापलेलं: शंभर टक्के शुद्ध, सांधेदुखीवर गुणकारी. मिसळून लावा, असं कुठेच नाही. माहेरच्या मानाने शंभरपटीहून जास्त जहाल तेल, आणि वर दिलेल्या आकड्याने हिशेब केला तर दर मिलीमागे दोनशे ग्रॅम गवताचा अर्क गुडघ्यांवर.

मुलाचं म्हणणं असं की हे चरकातलं औषध आहे, त्यानं अपाय कसा होईल. कुठल्याशा व्हॉट्सॲप संदेशात त्यानं वाचलं होतं. चरकात आहे, हे खरंच. स्तन्यजनन गणातल्या दहा वनस्पतींत शेवटचं नाव कत्तृण आहे आणि ते म्हणजे रोहिष असं मानणारे पुष्कळ आहेत. पण तो गण बाळंतिणीला दूध यावं म्हणून सांगितलेला आहे, आणि त्यात घ्यायची ती मुळं. मुळाचा काढा आणि पानाफुलोऱ्याचं ऊर्ध्वपातन केलेलं तेल यांत गवताखेरीज काही समान नाही. ग्रंथाचं नाव घेऊन बाटलीला प्रतिष्ठा देण्याची ही सवय मला खटकते, आणि वैद्यांनाही खटकायला हवी.

संशयित चार

पुरळाचा क्रम सुनेनं नीट लिहून ठेवला होता (शिकवलेलं फुकट गेलं नाही). त्यामुळे तपास सोपा झाला.

श्रावणाच्या सुरुवातीला गुडघे फार दुखायला लागले. काकूंनी तेल लावणं सुरू केलं. रात्री तव्यावर गरम केलेलं रुईचं पान गुडघ्यावर ठेवून फडक्यानं बांधायचं आणि वरून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. अकराव्या की बाराव्या दिवशी खाज सुटली, मग बारीक पाणीदार फोड. काकूंनी रुईच्या पानाला दोष दिला, कारण रुईचा चीक वाईट हे कोणालाही माहीत असतं. तीन-चार दिवस सगळं बंद ठेवलं, थोडं बरं वाटलं. मग पान सोडून नुसतं तेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरळ पहिल्यापेक्षा जोरात उठलं. गुडघ्यावरून पोटरीकडे ओघळ गेल्यासारख्या रेषा, उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात खाज, आणि दोन्ही पापण्या सुजलेल्या.

संशयित चार होते: रुईचा चीक, शेकाची भाजणूक, तेलातली भेसळ आणि खुद्द तेल. शेकाचा संशय मी सहज सोडला नव्हता. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि अशी माणसं गरम पिशवीनं भाजून घेतात, त्यांना कळतही नाही. पण भाजल्याच्या खुणा पिशवीच्या आकारात बसतात. त्या पोटरीवर ओघळत नाहीत. रुईचं पान दुसऱ्या खेपेला नव्हतंच. आणि पापण्या? तिथे ना पान गेलं ना पिशवी. तिथे गेला तो तेलाचा हात.

पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. हाताला लागलेला पदार्थ तळहातावर काही करत नाही, पण त्याच हातानं डोळा चोळला की पापणी बोलते. त्वचारोगतज्ज्ञांनी नंतर सांगितलं की पापण्या आणि बोटांच्या बेचक्या पाहूनच त्यांना निदानाची दिशा मिळाली होती.

बाटलीची तपासणी

मुलाला अजूनही भेसळच हवी होती. आणि ती शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. रोशाच्या तेलात टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल मिसळण्याचा इतिहास या तेलाच्या व्यापाराइतकाच जुना आहे.

साध्या चाचण्या पहिल्या केल्या. गाळणकागदावर थेंब टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग उरला नाही, म्हणजे खोबरेलासारखं न उडणारं तेल नाही. बर्फात ठेवलं, थिजलं नाही. ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिसळलं तर स्वच्छ विरघळलं. टर्पेंटाइन किंवा रॉकेल असतं तर गढूळ झालं असतं. घनता ०.८८ च्या घरात, अपवर्तनांक (तेलातून जाताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.४७ च्या पुढे, दोन्ही मोतियाला साजेसे. शेवटी एका खाजगी प्रयोगशाळेतून गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजण्याची चाचणी, करून घेतली. जिरॅनिऑल ८० टक्क्यांच्या आसपास, त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट, थोडं लिनालूल. चोख मोतिया. माझ्या वर्गात नमुना म्हणून ठेवावा इतका.

"म्हणजे दुकानदार सुटला?" मुलानं विचारलं. त्याचा चेहरा पाहून मला हसू आवरेना.

पण एक गोष्ट राहिली होती. बाटली मार्चमध्ये उघडली होती, मधूनमधून डासांसाठी वापरली होती आणि श्रावणापर्यंत अर्धी रिकामी होऊन फ्रीजच्या डोक्यावर पडून होती. फ्रीजच्या आत नाही, वर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि फ्रीजच्या डोक्यावर त्याहून जास्त. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेनं भरलेली. जिरॅनिऑल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. त्यातून जिरॅनिअल आणि नेरल ही आल्डिहाइडं आणि काही हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात. ताज्या जिरॅनिऑलपेक्षा ही त्वचेला कितीतरी जास्त चिथावतात. यावर स्वीडनमध्ये चांगलं काम झालं आहे.

म्हणून सुनेला त्याच दुकानात, त्याच खेपेतली न उघडलेली बाटली आणायला पाठवलं. दोन्ही शेजारी ठेवून आयोडाइड-थायोसल्फेटचं टायट्रेशन केलं, म्हणजे तेलात पेरॉक्साइडं किती ते रसायनानं मोजलं. पेरॉक्साइडचा आकडा उघड्या बाटलीत ठळकपणे वर. क्रोमॅटोग्राफीतही तिच्यात जिरॅनिअल-नेरलचं प्रमाण वाढलेलं. तेल अस्सल होतं, पण शिळं. सुगंधी तेल शिळं होतं ही कल्पनाच आपल्याकडे नाही. लोणच्याचं तेल खवट झालं तर आपल्याला कळतं. याचा वास फारसा बदलत नाही, म्हणून कोणी हुंगून पकडू शकत नाही.

दुकानदाराची बाजूही सुनेनं ऐकून आणली. त्याच्याकडून हे तेल नेणारे बहुतेक उदबत्तीवाले आणि अत्तरवाले. गुडघ्यांसाठी नेणारी जी जुनी गिऱ्हाइकं आहेत त्यांना काही सांगावं लागत नाही, त्यांच्या घरी तीळतेल असतंच. नवीन माणूस विचारत नाही आणि तोही सांगत नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. बेजबाबदारही वाटलं.

त्वचा: दोन प्रकारची भांडणं

तेलानं कातडीला अपाय दोन रीतींनी होतो आणि दोन्हींचा उपाय निराळा. एक, नुसती जळजळ: पदार्थ जहाल, कातडी नाजूक, लावल्यावर तासाभरात आग, जिथे लागलं तिथेच. कोणालाही होऊ शकते. मिसळून लावलं तर होत नाही. दोन, ॲलर्जी: शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा तो पदार्थ 'ओळखायला' शिकते. शिकायला पहिल्या खेपेला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, त्या काळात वरून काही दिसत नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत पुरळ, लावलेल्या जागेच्या बाहेरही. आणि मग थेंबभरही पुरतो, मिसळलेला असला तरी.

काकूंचा क्रम पुन्हा पाहा: आधी दहा-अकरा दिवस शांतता, मग पुरळ, मध्ये खंड, मग दुसऱ्याच दिवशी जोराचा हल्ला. पुस्तकात छापावा असा ॲलर्जीचा क्रम. माहेरच्या वाटीतलं तेल वर्षानुवर्षं लावून जे झालं नाही ते शंभर टक्के तेलानं पंधरवड्यात केलं. मात्रा शंभरपट, वरून फडकं घट्ट बांधलेलं, ऊब दिलेली, त्यामुळे आत शिरणारं तेल आणखी वाढलेलं, आणि त्यात ते शिळं.

डॉक्टरांकडे जायला मात्र उशीर झाला, कारण आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक मलम आलं. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक तिन्ही एकात असलेलं, चिठ्ठीशिवाय मिळणारं. त्यानं दोन दिवस खाज दबली आणि सगळ्यांना वाटलं झालं. थांबवल्यावर पुरळ परत. अशी मलमं या देशात किती घरांतून आंधळेपणानं लावली जातात हे त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षं ओरडून सांगत आहेत; काकूंच्या घरी तर सून फार्मसी शिकलेली होती. तिला न विचारता सासूबाईंनी शेजारणीचं ऐकलं.

तज्ज्ञांनी उपचार साधे दिले: सगळी तेलं, मलमं, पानं बंद, गार पाण्याच्या घड्या, मोजक्या दिवसांसाठी योग्य ताकदीचं स्टेरॉइड मलम, पापण्यांसाठी वेगळं आणि सौम्य, खाजेसाठी रात्रीची गोळी. तीन आठवड्यांत कातडी निवळली.

दिवाळीची आंघोळ

प्रकरण इथे संपलं असतं. पण नरक चतुर्दशीला काकूंनी उटणं लावून, नव्या गुलाबी साबणानं अभ्यंगस्नान केलं आणि भाऊबिजेपर्यंत मान, काखा आणि पुन्हा पापण्या खाजायला लागल्या. रोशाची बाटली तर केव्हाच माझ्याकडे होती. काकू हवालदिल. "आता हे काहून? तेल तं बंद आहे ना माह्यं!"

साबणाचा वास गुलाबाचा, उटण्यात गुलाबपाकळ्यांची पूड. आणि गुलाबाच्या वासाचा एक मुख्य घटक कोणता? जिरॅनिऑल.

रोशा आणि गुलाब यांचं हे नातं बाजारानं रसायनशास्त्रापेक्षा आधी ओळखलं होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बंदरातून रोशाचं तेल तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानात जात असे. तिथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. लिंबाच्या रसासोबत घुसळून, उन्हात ठेवून त्याचा रानटीपणा कमी करत आणि मग महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत. तेव्हा बल्गेरियातल्या गुलाबांचा मुलूख तुर्की साम्राज्यातच होता. युरोपात हे तेल इतक्या फेऱ्यानं पोचलं की बराच काळ तिकडे त्याला 'तुर्की जिरेनियम' म्हणत, गवत सातपुड्याचं असूनही. म्हणजे ज्या सारखेपणामुळे अत्तराचे जाणकार फसत आले, त्याच सारखेपणामुळे काकूंच्या कातडीनं साबणाला रोशा समजून धरलं. फसली म्हणणंही चूकच. तिच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

आजचं बहुतेक जिरॅनिऑल ना गुलाबाचं ना रोशाचं. ते कारखान्यात बनतं आणि साबण, क्रीम, पावडर, फिनाइल सगळीकडे असतं. युरोपात अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनात ते ०.००१ टक्क्याहून जास्त आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर वेष्टनावर नावानिशी लिहावं लागतं. आपल्याकडच्या साबणावर बहुतेक वेळा नुसतं 'परफ्यूम' लिहून भागतं. काकूंनी चष्मा लावून साबणाचा कागद वाचला असता तरी त्यांना काही कळलं नसतं.

दिवाळीच्या पुरळामुळे पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर लावून ॲलर्जी शोधायची चाचणी, करायचं ठरलं. ती जानेवारीत केली आणि मुद्दाम जानेवारीत: पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तास राहाव्या लागतात, तोवर आंघोळ नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्या घामानं पहिल्या दुपारीच सुटतात. 'फ्रॅग्रन्स मिक्स' नावाच्या आठ सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला, ज्यात जिरॅनिऑलबरोबर दालचिनीतलं सिनॅमल आणि लवंगेतलं युजिनॉलही असतं, प्रतिक्रिया आली. वेगळ्या लावलेल्या जिरॅनिऑललाही आली, ४८ तासांनी पुसट आणि ९६ तासांनी ठळक. युजिनॉल आणि सिनॅमल वेगळे लावले होते, तिथे काही नाही. रुईचा चीक कोणी पाठीवर लावला नाही. त्याची गरज उरली नव्हती.

आता काय चालू आहे

काकूंना लिहून दिलेला कागद मोठा आहे. रोशा बंद, मिसळूनसुद्धा. माहेरची वाटीही आता त्यांच्यासाठी नाही. ही गोष्ट त्यांना सगळ्यात जड गेली. गुलाबाचा साबण, गुलाबपाणी बंद. डासांसाठी 'हर्बल' म्हणून मिळणारी मलमं घेताना सांभाळायचं, कारण त्यांत बहुधा सिट्रोनेला हे गवताचंच सुगंधी तेल असतं आणि सिट्रोनेलातही जिरॅनिऑल असतं. मच्छरदाणी चालेल. गुलकंद खाल्ला तर चालेल का, हे त्यांनी डॉक्टरांना तीनदा विचारलं. खायला हरकत नाही, पण ओठाभोवती खाज आली तर थांबवा, असं उत्तर मिळालं.

गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टनं मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आहेत आणि संध्याकाळी सून नुसतं कोमट तिळाचं तेल चोळते. आराम किती पडतो, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "पडते ना, तेवढाच पडते. पण वास नाई, म्हणून लावल्यासारखं वाटत नाई."

मुलगा दुकानात गेला, भांडायला नाही. दुकानदार स्वतः भरतो त्या शिश्यांवर 'तिळाच्या तेलात मिसळून लावावे, अंधाऱ्या थंड जागी ठेवावे' अशी चिठ्ठी चिकटवायला तयार झाला. बंद बाटल्या बाहेरगावहून छापील लेबलासकट येतात, त्यांचं काही करता येत नाही म्हणाला. दोन्ही बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत आहेत. इतवारीतून त्याच खेपेतल्या आणखी दोन आणल्या, अर्ध्या रिकाम्या करून एक फ्रीजच्या आत ठेवली आहे, एक वर. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दर महिन्याला दोन्हींचा पेरॉक्साइडचा आकडा काढत आहेत. मार्चचं मोजमाप झालं, एप्रिलचं व्हायचं आहे.